प्रवाळ आणि स्पंज : वैद्यांसाठी प्राणिशास्त्रीय परिचय

काही वर्षांपूर्वी आमच्या लहानशा रसशाळेत प्रवाळपिष्टीसाठी अर्धा किलो प्रवाळशाखा मागविल्या होत्या. माल दिसण्यास उत्तम होता. रंग पिकलेल्या तोंडल्यासारखा, शाखा जाड, पृष्ठभाग गुळगुळीत. उष्णोदकाने धुताना पाणी किंचित लालसर झाले, ते आम्ही धुळीवर घालविले. पुढे चूर्ण करून खलात गुलाबजलाची भावना दिली, तेव्हा गुलाबजल सरबतासारखे लाल झाले आणि खाली बसलेले चूर्ण करडे-पांढरे दिसू लागले. लाल रंग केवळ वरचा होता. पुरवठादाराने माल परत घेण्यास नकार दिला, कारण "लिंबू पिळून पाहा, फेस येतो की नाही" एवढीच परीक्षा त्याला ठाऊक होती, आणि खरे सांगायचे तर त्या वेळी मलाही तीच ठाऊक होती. फेस उत्तम येत होता.

त्यानंतर ज्या वस्तूला आपण प्रवाळ म्हणतो ती मुळात काय आहे, हे प्राणिशास्त्राच्या अंगाने वाचण्यास मी आरंभ केला. पदवीच्या अभ्यासक्रमात रसशास्त्र शिकताना प्रवाळाचे ग्राह्य-अग्राह्य लक्षण, शोधन, मारण आणि गुणकर्म आपण पाठ केलेले असते. परंतु तो कोणत्या प्राण्याचा सांगाडा आहे, तो कोठे व किती वेगाने वाढतो, हे सहसा कोणी विचारीत नाही. त्या वाचनातून व्यवसायबंधूंच्या आणि औषधनिर्मात्यांच्या उपयोगी पडेल असे जे वाटले ते येथे मांडीत आहे.

नावातील वनस्पती

'प्रवाल' या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ कोवळा अंकुर, नवी पालवी. 'विद्रुम' या पर्यायातही द्रुम आहेच. म्हणजे आपल्या पूर्वसूरींना या द्रव्याचे रूप झाडासारखे दिसले. युरोपातही अठराव्या शतकापर्यंत हीच समजूत होती. १७०६ साली मार्सिली या इटालियन अभ्यासकाने ताजे लाल प्रवाळ समुद्राच्या पाण्यात ठेवले असता त्यावर पांढरी, आठ पाकळ्यांची 'फुले' उमललेली पाहिली आणि प्रवाळ ही वनस्पतीच असल्याचे सिद्ध झाले असे मानले. पुढे सुमारे वीस वर्षांनी मार्सेय येथील वैद्य झां-आंद्रे पेसोनेल यांनी त्याच फुलांचे निरीक्षण केले. स्पर्श करताच ती मिटतात, पाण्याबाहेर काढली की आत ओढली जातात, हे पाहून ती फुले नसून लहान प्राणी आहेत असा निष्कर्ष त्यांनी काढला. तत्कालीन विद्वानांनी तो बराच काळ स्वीकारला नाही. स्पंजांच्या बाबतीतही, त्यांच्या अंगातून पाण्याचा प्रवाह सतत वाहतो हे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात काळजीपूर्वक दाखवून देणारे रॉबर्ट ग्रँट हे एडिंबरोचे वैद्यकशास्त्राचे पदवीधरच होते. हे दोन्ही शोध वैद्यांच्या नावावर आहेत, ही आपल्यासाठी सुखद बाब होय.

दंशपेशींचे प्राणी

प्रवाळ, समुद्रफूल, जेलीफिश आणि गोड्या पाण्यातील हायड्रा हे सर्व निडारिया या संघातील प्राणी. देह अत्यंत साधा आहे. एक पोकळी, तिला एकच तोंड, तोंडाभोवती शुंडके आणि शुंडकांवर दंशपेशी. अन्न ज्या द्वारातून आत जाते त्याच द्वारातून मल बाहेर पडतो. मेंदू नाही, रक्त नाही. मात्र चेतापेशींचे जाळे आहे.

दंशपेशी ही या संघाची खूण. प्रत्येक पेशीत एक सूक्ष्म कुपी असते आणि तिच्यात विषारी सूत्र गुंडाळलेले असते. स्पर्श होताच कुपी फुटून सूत्र बाहेर झेपावते. हायड्रामध्ये ही क्रिया एका सेकंदाच्या दशलक्षांशाहूनही कमी वेळात घडते, असे २००६ साली अतिवेगवान छायाचित्रणाने मोजले गेले. कोकणपट्टीतील व्यवसायबंधूंना याचा प्रत्यय पावसाळ्यात येतोच. निळसर फुग्यासारखा फायझेलिया वाऱ्याबरोबर किनाऱ्याला लागतो. ऑगस्ट २०१८ मध्ये मुंबईच्या चौपाट्यांवर त्याच्या दंशाचे अनेक रुग्ण झाले होते. अशा रुग्णाची जागा चोळू नये, वाळू लावू नये, मद्यार्क लावू नये. न फुटलेल्या कुप्या त्याने फुटतात. समुद्राच्याच पाण्याने धुऊन, चिकटलेले धागे चिमट्याने काढून, सोसवेल इतक्या गरम, म्हणजे सुमारे ४५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तो भाग वीस मिनिटे ठेवावा. श्वासकष्ट किंवा सर्वांगास शोथ दिसल्यास वेळ न दवडता रुग्णालयात पाठवावे.

प्रवाळाचे प्राणी म्हणजे याच संघातील वसाहती करून राहणारे पॉलिप. एक पॉलिप काही मिलिमीटरांचा. हजारो पॉलिप एकमेकांशी जोडलेले, आणि सर्वांनी मिळून घडविलेला एक सांगाडा. आपण खलात घालतो तो हा सांगाडा.

औषधी प्रवाळ कोणते?

येथे एक भेद स्पष्ट करणे अगत्याचे आहे. समुद्रात प्रवाळाच्या हजारो जाती आहेत. त्यांतील उष्ण कटिबंधातील, उथळ व स्वच्छ पाण्यात भित्ती बांधणारे प्रवाळ वेगळे, आणि रसग्रंथांतील लाल प्रवाळ वेगळे. ग्रंथोक्त लक्षणांशी जुळणारे लाल प्रवाळ म्हणजे मुख्यतः कोरॅलियम रुब्रम. ते भूमध्य सागरात आणि त्याला लागून असलेल्या अटलांटिकच्या काही भागात आढळते; भारताच्या किनाऱ्यावर ते नाही. आपल्याकडे ते प्राचीन काळापासून व्यापारानेच येत आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात भरुकच्छ येथे उतरणाऱ्या मालात प्रवाळाचा उल्लेख आहे. कौटिल्याने प्रवाळाचा एक प्रकार 'आलकंदक' म्हणून सांगितला आहे आणि अनेक अभ्यासक त्याचा संबंध अलेक्झांड्रियाशी लावतात. सुश्रुतसंहितेत विद्रुमाला अन्य मण्यांबरोबर चक्षुष्य, शीत, लेखन आणि विषघ्न म्हटले आहे. दोन सहस्र वर्षे आपण परदेशी सागरातील द्रव्य आपल्या चिकित्सेत इतके मुरवून घेतले, की ते परदेशी आहे याचाही विसर पडला.

भित्ती बांधणाऱ्या प्रवाळांच्या देहात झूझँथेली नावाची सूक्ष्म शैवले राहतात. ती सूर्यप्रकाशात अन्न तयार करून त्याचा मोठा वाटा यजमानाला देतात. लाल प्रवाळाच्या देहात ही शैवले नाहीत. ते अंधाऱ्या गुहांत, कपारींत आणि काही ठिकाणी शेकडो मीटर खोलीवर वाढते. पाण्यातून वाहत येणाऱ्या सूक्ष्म कणांवर जगते. अन्न तुटपुंजे, म्हणून वाढही मंद. सांगाड्याच्या छेदात झाडाच्या खोडासारखी वार्षिक वलये असतात. ती रंगवून मोजण्याची पद्धत २००४ च्या सुमारास रूढ झाली आणि पूर्वीचे अंदाज फार उदार होते हे उघड झाले. शाखेचा व्यास वर्षाला सुमारे पाव मिलिमीटर वाढतो. करंगळीएवढी जाडी येण्यास कित्येक दशके लागतात.

सांगाड्यात मॅग्नेशियमयुक्त कॅल्शियम कार्बोनेट असते. लाल रंग कॅरोटिनॉइड वर्गातील द्रव्यांचा आहे. ती पाण्यात विरघळत नाहीत, मात्र अग्निसंस्काराने नष्ट होतात. म्हणून पिष्टी गुलाबी राहते आणि भस्म पांढरे होते. रसशाळेच्या दृष्टीने याचा अर्थ गंभीर आहे. एकदा भस्म झाले, की ते लाल प्रवाळाचे आहे की रंगविलेल्या अन्य सांगाड्याचे, हे डोळ्यांनी ओळखण्याचा मार्गच उरत नाही. जी परीक्षा करावयाची ती कच्च्या मालावरच.

'सव्रण' प्रवाळ आणि स्पंज

रसरत्नसमुच्चयात ग्राह्य प्रवाळाची लक्षणे सांगताना ते स्निग्ध, स्थूल, सरळ आणि अव्रण असावे असे म्हटले आहे. पांडुर, धूसर, सूक्ष्म, हलके आणि सव्रण प्रवाळ त्याज्य ठरविले आहे. यातील 'व्रण' म्हणजे काय, याचे उत्तर मला स्पंजांविषयी वाचताना मिळाले.

स्पंज हे रंध्रीय संघातील प्राणी. प्राणिसृष्टीच्या सर्वांत जुन्या शाखांपैकी एक. त्यांना ऊतके नाहीत, अवयव नाहीत, तोंडही नाही. सर्वांगावर ऑस्टिया नावाची बारीक रंध्रे असतात. आतील कॉलर पेशी आपल्या सूक्ष्म चाबकासारख्या कशाभिका हलवून पाणी आत ओढतात, त्यातील जीवाणू गाळून घेतात, आणि पाणी ऑस्क्युला या मोठ्या छिद्रातून बाहेर जाते. दहा सेंटिमीटर उंच व एक सेंटिमीटर जाड असा ल्यूकोनिया जातीचा स्पंज दिवसाला सुमारे २२ लिटर पाणी गाळतो, असे प्राणिशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत दिलेले असते. १९०७ साली विल्सन या अमेरिकन शास्त्रज्ञाने जिवंत स्पंज रेशमी वस्त्रातून दाबून गाळला. आपल्या भाषेत वस्त्रगाळ केला म्हणा. सुट्या झालेल्या पेशी पुन्हा एकत्र आल्या आणि त्यांतून लहान स्पंज तयार झाले. वस्त्रगाळ करूनही जे द्रव्य जिवंत राहते असे दुसरे मला ठाऊक नाही.

यांतील क्लायोना आणि तिच्या काही नातलगांना चुन्याचा सांगाडा पोखरण्याची विद्या अवगत आहे. त्या सूक्ष्म प्रमाणात चुना विरघळवितात, त्याचे बारीक कण सुटे करून बाहेर टाकतात आणि झालेल्या पोकळीत वास्तव्य करतात. शिंपले, भित्तीचे प्रवाळ आणि भूमध्य सागरातील लाल प्रवाळ या सर्वांवर त्यांचे आक्रमण आढळते. सव्रण म्हणून टाकून दिलेल्या अनेक तुकड्यांतील ती टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे आणि आतील मधमाश्यांच्या पोळ्यासारखी पोकळी बहुतेकदा स्पंजाची (काही वेळा किड्यांची) असते. अशा पोकळीत स्पंजाच्या सिलिकेच्या कंटिका, चिखल आणि मृत सेंद्रिय भाग साचलेले असतात. त्यांचे चूर्ण रुग्णाच्या पोटात जाऊ नये, एवढ्यासाठी तरी जुना निषेध पाळण्यासारखा आहे. ग्रंथकारांना स्पंज ठाऊक असण्याचे कारण नव्हते. परंतु त्यांचे निरीक्षण अचूक होते.

स्पंजांची चिकित्सेतील कथाही थोडी सांगतो. युरोपात गलगंडावर जाळलेल्या स्पंजाची राख देत असत. १८२० साली जिनिव्हाचे वैद्य क्वांदे यांनी त्या राखेतील कार्यकारी द्रव्य आयोडीन असावे असे ओळखून गलगंडात आयोडीनचा प्रयोग केला. कॅरिबियन समुद्रातील एका स्पंजात १९५० च्या सुमारास सापडलेल्या न्यूक्लिओसाइडांवरून रक्ताच्या कर्करोगावरील सायटाराबिन हे औषध घडविले गेले. आपल्याकडील समुद्रफेन मात्र स्पंज नव्हे. तो माखलीच्या पाठीतील सांगाडा आहे, आणि माखली मृदुकाय संघातील. ही गल्लत छापील पुस्तकांतूनही कधीकधी दिसते.

भित्ती आणि तिचे अर्थशास्त्र

उष्ण कटिबंधातील प्रवाळभित्तींनी सागरतळाचा एक टक्क्याहूनही कमी भाग व्यापलेला आहे, परंतु सागरी जातींपैकी सुमारे पाव जाती आयुष्यात केव्हा ना केव्हा त्यांच्या आश्रयाला असतात. त्यांच्याभोवतीचे पाणी पोषकद्रव्यांच्या बाबतीत जवळजवळ वांझ असते. मग इतकी समृद्धी येते कोठून? याचे एक उत्तर २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मिळाले. प्रवाळ आणि शैवले पाण्यात जी विद्राव्य सेंद्रिय द्रव्ये सोडतात ती बहुतेक प्राण्यांना खाता येत नाहीत. स्पंज ती शोषून घेतात, आपल्या पेशी झपाट्याने टाकून देतात, आणि त्या पेशींच्या गाळावर गोगलगायी, खेकडे, कृमी जगतात. वाया जाणारे अन्न स्पंज पुन्हा ताटात आणून वाढतात. एकीकडे काही स्पंज भित्ती पोखरतात आणि दुसरीकडे त्यांच्याच कुळातले तिचे पोषण करतात.

पाणी नेहमीपेक्षा अंशभर जरी अधिक तापून आठवडे तसेच राहिले, तरी पॉलिप आपली शैवले बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. याला विरंजन म्हणतात. लक्षद्वीपच्या भित्तींनी हे १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये सोसले; एप्रिल २०२४ मध्ये चौथे जागतिक विरंजन घोषित झाले तेव्हा लक्षद्वीप पुन्हा त्याच्या तडाख्यात होते. शैवले नसलेले लाल प्रवाळही यातून सुटलेले नाही. १९९९ आणि २००३ च्या उन्हाळ्यांत वायव्य भूमध्य सागरात उष्ण पाण्याने सागरी पंखे, स्पंज आणि उथळ भागातील लाल प्रवाळ मोठ्या प्रमाणावर मेले.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर मालवण येथे प्रवाळ आहेत. तेथील सागरी अभयारण्य १९८७ साली घोषित झाले. विजयदुर्गाच्या पश्चिमेस सुमारे शंभर किलोमीटरवर, कान्होजी आंग्र्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आंग्रिया बँक या बुडालेल्या पठारावरही आहेत. हे सर्व भित्ती बांधणारे प्रवाळ; औषधी लाल प्रवाळ त्यांत नाही. म्हणून एखादा विक्रेता "आपल्याच किनाऱ्याचा ताजा माल" म्हणून प्रवाळ दाखवील, तेव्हा दोन गोष्टी निश्चित समजाव्या. ते ग्रंथोक्त द्रव्य नाही, आणि ते बाळगणे गुन्हा आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली भित्ती बांधणारे सर्व प्रवाळ, काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि सागरी पंखे समाविष्ट झाले. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची फेरमांडणी झाली तरी हे संरक्षण कायम आहे.

'प्रवाळमूळ' या नावाने येणाऱ्या सच्छिद्र मालाबाबत मी विशेष सावध असतो. भिंगाखाली त्यात एकमेकांशेजारी उभ्या लाल पोकळ नळ्या आणि त्यांना जोडणारे आडवे पडदे दिसले, तर ते ऑर्गन पाइप प्रवाळ होय. ते स्वस्त असले तरी घेऊ नये.

एका रुग्णाचा हिशोब

प्रवाळपिष्टी २५० मिलिग्रॅम, दिवसातून दोन वेळा, चाळीस दिवस. ही आपली नित्याची योजना. एकूण द्रव्य २० ग्रॅम. सात मिलिमीटर जाडीच्या लाल प्रवाळाचा एक सेंटिमीटर तुकडा साधारण एक ग्रॅम भरतो. म्हणजे या रुग्णाला वीस सेंटिमीटर लांबीची शाखा लागली. सात मिलिमीटर हा आकडा मी सहज घेतलेला नाही. भूमध्य सागरातील मत्स्यव्यवसायाचे नियमन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाने काढणीसाठी बुंध्याचा किमान व्यास तेवढा ठरविला आहे, आणि पन्नास मीटरपेक्षा उथळ पाण्यातील काढणीस मनाई केली आहे. पाव मिलिमीटर प्रतिवर्षी या गतीने सात मिलिमीटर होण्यास सुमारे अठ्ठावीस वर्षे लागतात. चाळीस दिवसांच्या एका योजनेमागे, ढोबळ मानाने, एक अठ्ठावीस वर्षांची वसाहत.

आपल्या औषधांमुळेच ही जात धोक्यात आली, असे म्हणणे अन्यायाचे होईल. मुख्य मागणी अलंकारांची आहे आणि नेपल्सजवळील तोर्रे देल ग्रेको हे गाव कित्येक पिढ्या त्यावर जगले आहे. जाळी बांधलेले लाकडी क्रूस तळावरून फरफटत नेऊन प्रवाळ मोडण्याची जुनी पद्धत युरोपीय संघाने १९९४ मध्ये बंद केली. तोवर बरीच हानी झाली होती. २००७ आणि २०१० मध्ये या कुळाला आंतरराष्ट्रीय व्यापार-नियंत्रणाच्या दुसऱ्या परिशिष्टात घेण्याचे प्रस्ताव आले, ते संमत झाले नाहीत. उद्या ते संमत झाले तर आपल्याकडील पुरवठा एका वर्षात आटू शकेल, हे औषधनिर्मात्यांनी ध्यानात ठेवलेले बरे.

माझे मत असे आहे. केवळ अम्लपित्तातील दाह शमविण्यासाठी किंवा सुधेची पूर्ती म्हणून जेथे आपण सवयीने प्रवाळ लिहितो, तेथे मुक्ताशुक्ती, शंख किंवा कुक्कुटांडत्वक भस्म पुष्कळदा पुरेसे होते. मोत्याच्या अभावी शुक्ती घेण्याची मुभा आपल्या परंपरेत आहेच. रक्तपित्त, क्षयज कास, पित्तप्रधान जीर्णज्वर अशा ठिकाणी प्रवाळ राखून ठेवावे. प्रवाळपंचामृतासारख्या कल्पात तर प्रवाळाचा भाग इतर घटकांच्या दुप्पट असतो. तेथे पर्याय न शोधता खरे द्रव्यच घालावे आणि किंमत त्याप्रमाणे लावावी. सर्व व्यवसायबंधू याशी सहमत होतील असे नाही. काहींचा अनुभव निराळा असेल, तो त्यांनी या पृष्ठांवर अवश्य मांडावा.

कच्च्या मालाची परीक्षा

लिंबू किंवा आम्ल टाकून येणारा फेस फक्त कार्बोनेट असल्याचे सांगतो. संगमरवर, शिंपला, बांबू प्रवाळ, कोणीही फेस देईल. त्याने काच आणि प्लॅस्टिक तेवढे वगळले जाते. बांबू प्रवाळ हा सर्वाधिक आढळणारा बनावट माल. त्याचा सांगाडा मुळात पांढरा असतो आणि मध्ये गडद शृंगमय सांधे असतात. ते कापून काढून उरलेल्या कांड्यांना लाल रंग देतात. शाखा मोडून पाहावी. रंगविलेल्या मालात लाली कडेला दाट आणि गाभ्यात फिकी दिसते. खऱ्या लाल प्रवाळातही मध्यभागी क्वचित पांढरट रेषा असते, तेवढ्यावरून माल टाकू नये. दहापट भिंगाखाली खऱ्या शाखेवर लांबीच्या दिशेने अत्यंत बारीक, समांतर रेषा दिसतात. बांबू प्रवाळावर त्या खरबरीत व दूर असतात. ॲसिटोनमध्ये भिजविलेला कापूस घासून पाहावा. बहुतेक कृत्रिम रंग त्यावर उतरतात. बाजारात 'स्पंज कोरल' म्हणून जो लाल, छिद्रयुक्त माल मिळतो त्याचा स्पंजाशी संबंध नाही. तो मेलिथिया कुळातील सागरी पंख्याचा सांगाडा असून त्याची छिद्रे बहुधा राळेने भरलेली असतात. राळ भरलेले द्रव्य औषधात चालणार नाही हे सांगावयास नको.

खरेदी करताना देयकावर शास्त्रीय नाव आणि मूळ देश लिहून घ्यावा, आयातीची कागदपत्रे पाहावीत. दागिने घडविताना उरणारे तुकडे आणि मणी विंधताना पडलेली कपची विश्वासू कारागिराकडून मिळाल्यास उत्तम. त्यासाठी नव्याने वसाहत तोडावी लागत नाही. मात्र चकाकीसाठी लावलेले मेण व तेल त्यावर असते, ते आधी उष्णोदकाने नीट काढावे आणि मगच शोधनाकडे वळावे. प्रत्येक घाण्याआधी कच्च्या मालाचा एक तुकडा क्रमांक घालून बाजूस ठेवण्याची पद्धत आम्ही आता पाळतो. भस्माविषयी शंका आली, तर दाखविण्यास तेवढाच पुरावा हाती असतो.

तो रंगविलेला अर्धा किलो माल फेकून दिलेला नाही. उरलेल्या शाखा काचेच्या बरणीत आहेत, शेजारच्या बरणीत खऱ्या लाल प्रवाळाचे चार तुकडे, आणि तिसरीत स्पंजाने पोखरलेली एक शाखा. रसशाळा पाहण्यास येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या हाती मी प्रथम भिंग देतो आणि तिन्ही बरण्या न सांगता ओळखावयास लावतो.